आधी काम लिहा, मग आकडा मागा

मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्री डिकोस्टा लघुलेखिका होत्या. साहेब सांगतील ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचं आणि टाइप करून द्यायचं, असं काम. तेच काम करणारे पुरुषही कंपनीत होते आणि त्यांचा पगार जास्त होता. फरक पदाच्या नावात होता. पुरुष तो नुसता स्टेनोग्राफर. वरिष्ठ अधिकाऱ्याकडे नेमलेली बाई ती ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’. १९७७ मध्ये नोकरी संपल्यावर डिकोस्टाबाईंनी समान वेतन कायद्याखाली फरकाची रक्कम मागितली. कंपनी म्हणाली, या पदावर एकही पुरुष नाही, मग तुलना करणार कुणाशी? शिवाय हे वेतन कामगार संघटनेशी झालेल्या करारातूनच ठरलेलं आहे, आणि वाढीव पैसे द्यायची आमची ऐपतही नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८७ मध्ये न्यायालयाने ही तिन्ही कारणं फेटाळली. पुरुषांना तिथे नेमायचंच नाही असं तुम्हीच ठरवलंत, तर त्याचा भुर्दंड बायकांनी का सोसायचा, असा निकालाचा रोख होता.

हा निकाल जुना झाला, पण पगार कापायची ती रीत जुनी झालेली नाही. बाईचं काम आधी वेगळ्या नावाखाली टाकायचं आणि मग त्या नावाचा दर कमी ठेवायचा. बीड-अहिल्यानगरकडची ऊसतोड बघा. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, हिशेब होतो तो कोयत्याचा. बाई पहाटे भाकरी थापून फडात उतरते, तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिच्या हातात स्वतःच्या नावाचा पैसा येत नाही, कारण हिशेबाच्या वहीत ती स्वतंत्र माणूसच नाही. अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना मिळतं ते ‘मानधन’. वेतन म्हटलं की हक्क आले, रजा आली, ग्रॅच्युइटी आली. अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. आणि ऑफिसांत? एकच काम करणारा ‘असोसिएट’ आणि करणारी ‘असिस्टंट’ अशा जोड्या तुम्हीही पाहिल्या असतील.

केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात नियमित पगारदार बाईची सरासरी कमाई पुरुषाच्या साधारण तीन-चतुर्थांश भरते. हा सगळा फरक भेदभावाचाच आहे असं नाही. क्षेत्र, तास, अनुभव यांचाही त्यात वाटा असतो. पण कुठल्या क्षेत्राचा दर कमी का, बाईच्या अनुभवात खंड का पडतो, हे विचारायला लागलं की आपण फिरून तिथेच येतो. म्हणून सल्ला एकच आहे आणि बाकीचा लेख त्याचाच विस्तार. पगाराबद्दल बोलण्याआधी काम कागदावर उतरवा. नावाशी भांडू नका, कामाचा हिशेब पुढे ठेवा.

नोकरीत असाल तर

एक महिना रोज संध्याकाळी पाच मिनिटं काढून दिवसभरात काय केलं ते लिहा. डायरीत लिहा, फोनमध्ये लिहा, हवं तिथे. नेमणूकपत्रात लिहिलेलं काम आणि प्रत्यक्ष केलेलं काम असे दोन रकाने करा. दुसरा रकाना भरत जातो तेव्हा बहुतेकींना धक्का बसतो. नव्या मुलांना शिकवलं, सुट्टीवर गेलेल्या सहकाऱ्याचे ग्राहक सांभाळले, ऑडिटला लागणारे कागद जमवले, मीटिंगचं इतिवृत्त लिहिलं, वाढदिवसाचा केक आणला, दिवाळीच्या भेटी वाटल्या. यातली पहिली तीन कामं पगारवाढीच्या अर्जात जातात. केक आणि भेटींची कामं पुढच्या वेळी पाळीपाळीने सगळ्यांकडे जावीत असं खुशाल सुचवा. इतिवृत्ताचंही तसंच. ते तुम्हीच का लिहायचं याचं ‘तुमचं अक्षर छान आहे’ यापलीकडे कारण निघालं तर मला आश्चर्य वाटेल.

मग तुलनेला माणूस शोधा. इथे कायद्याची भाषा कामाला येते. समान वेतन कायदा १९७६ चा. तो आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात ‘तेच किंवा त्याच स्वरूपाचं काम’ ठरवायला चार गोष्टी बघतात: कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी. कामाची परिस्थिती सारखी हवी, आणि या चारींत जो फरक असेल तो व्यवहारात नगण्य असला पाहिजे. पदनाम या यादीत कुठेच नाही. म्हणून तुमच्याच हुद्द्याचा पुरुष सापडला नाही म्हणून थांबू नका. दुसऱ्या हुद्द्यावरचा, पण या चार कसांवर तुमच्या बरोबरीला उतरणारा चालतो. शिवाय या संहितेत कर्मचारी म्हणजे फक्त कामगार नव्हे. सुपरवायझर आणि मॅनेजरही त्यात येतात, हे बऱ्याच वरच्या पदावरच्या बायकांना ठाऊक नसतं.

त्याचा पगार कळणार कसा? सरकारी, निमसरकारी, अनुदानित संस्थेत असाल तर हे फार सोपं आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन स्वतःहून जाहीर करायचं असतं. ते केलेलं नसेल तर अर्ज करा. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपनीत असाल तर तिच्या वार्षिक अहवालाबरोबरचा बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, काढा. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार कंपन्यांना तो सक्तीचा केला आहे, आणि त्यात पुरुष व स्त्री कर्मचाऱ्यांचं मध्यक वेतन वेगवेगळं द्यावं लागतं. सर्वांत कठीण म्हणजे छोटी खासगी कंपनी. तिथे नोकरी सोडून गेलेले सहकारी, त्याच कामासाठीच्या जाहिरातीत छापलेला पगार, भरती करणाऱ्या एजन्सीचा माणूस, असं तीन-चार ठिकाणांहून जुळवावं लागतं. पगाराविषयी बोलू नये अशी अट काही नेमणूकपत्रांत असते. आपल्यात आहे का ते आधी वाचून घ्या. पण बायका पगाराबद्दल बोलत नाहीत त्याचं कारण ती अट क्वचितच असतं. संकोच असतो. आणि त्या संकोचाचे पैसे मालकाला मिळतात.

तुलना करताना एकच आकडा पाहू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने महिला क्रिकेटपटूंना पुरुषांइतकंच सामना-मानधन जाहीर केलं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६, टी-ट्वेंटीला ३. चांगलंच झालं. पण २०२४-२५ च्या करारयादीत वरच्या श्रेणीतल्या महिला खेळाडूला वर्षाला ५० लाख होते आणि पुरुषांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ७ कोटी. शिवाय बाईच्या वाट्याला वर्षात कसोट्या येतात किती? मिळकतीच्या फरकामागे बाजाराची कारणं सांगता येतील, वादही घालता येईल. इथे मुद्दा वाचकाच्या कामाचा आहे. मूळ पगार समान असतो आणि फरक बोनसमध्ये, ओव्हरटाइममध्ये, गाडीभत्त्यात, दौऱ्यांत, कुणाला कुठले ग्राहक दिले यात मुरलेला असतो. पावतीवरचा प्रत्येक रकाना ताडून पाहा.

नोकरी बदलताना सगळ्यांत जास्त जपा. समजा एकाच दिवशी रुजू झालेल्या दोघांपैकी तिने ३० हजार स्वीकारले, त्याने ३६ हजार मागून घेतले. पुढे दोघांनाही दरवर्षी अगदी सारखी ८ टक्के वाढ मिळत गेली, तरी दहा वर्षांनी सहा हजारांचा फरक जवळजवळ १३ हजारांचा झालेला असतो. कुणीही नंतर भेदभाव केलेला नसतो. म्हणून मुलाखतीत ‘सध्या किती मिळतात?’ असं विचारलं तर आकड्याऐवजी ‘या जबाबदारीसाठी माझी अपेक्षा इतकी आहे’ असं उत्तर द्या. आग्रहच झाला तर खरं सांगा, खोटं सांगू नका, पण लगेच जोडा: ‘तो पगार त्या कामाचा होता, हे काम वेगळं आहे.’ जुना कमी पगार नव्या नोकरीतही मागे लागतो, तो इथेच तोडायचा.

वाढ मागायला जाताना एक पानाचा कागद न्या. वर्षात काय केलं, त्यामुळे संस्थेचं काय साधलं, या कामाचा दर काय दिसतो, आणि शेवटी नेमका आकडा. ‘काहीतरी वाढ बघा ना’ म्हणू नका, काहीतरीच मिळतं. आकडा सांगून झाल्यावर गप्प बसा. शांतता अवघड वाटली म्हणून आपणच ‘नाही, म्हणजे थोडं कमी असलं तरी चालेल’ म्हणून टाकायची आपल्याला फार सवय. आणि घरचं सांगू नका. हप्ते आहेत, सासऱ्यांचं आजारपण आहे, मुलीची फी आहे, यातलं काहीही नको. गरजेवर पगार मागितला की समोरचा ‘तुमचे मिस्टर कमावतात ना?’ म्हणायला मोकळा. घर पुरुष चालवतो, बाईची कमाई वरखर्चाची, याच समजुतीने तर दर पाडले गेले. काम हा एकच आधार धरा.

उत्तरं ठरलेली असतात. ‘यंदा बजेट नाही’ याला विचारा, ‘बजेट कोणत्या महिन्यात ठरतं? त्याआधी मी हा प्रस्ताव लेखी देते.’ ‘पुढच्या वर्षी पाहू’ याला विचारा, ‘त्यासाठी मी काय पूर्ण केलेलं असायला हवं?’ आणि आलेलं उत्तर त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवा: आज आपलं असं बोलणं झालं, धन्यवाद. ही नम्र दोन ओळींची ईमेल पुढे फार उपयोगी पडते.

बाळंतपणाच्या रजेबद्दल वेगळं लिहावं लागेल इतका तो विषय मोठा आहे. इथे एवढंच की २६ आठवड्यांच्या रजेवर असताना तुमच्या सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या दिशेने बदलता येत नाहीत. परत आल्यावर ‘हलकं काम देतो, तुम्हाला बरं पडेल’ असं कुणी प्रेमाने म्हटलं, तर त्या हलक्या कामाने हुद्दा, वेतनश्रेणी आणि पुढची बढती यांतलं काय हलकं होणार आहे ते आधी लेखी विचारा. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांच्या संशोधनातला एक मोठा धडा हाच आहे की समान शिकलेल्या, समान कामावर असलेल्या स्त्री-पुरुषांतलं अंतर पहिल्या मुलानंतर रुंदावत जातं.

घरून धंदा करत असाल तर

इथे बाईचे पैसे बुडवणारी बहुतेक वेळा ती स्वतःच असते, म्हणून जरा स्पष्ट लिहिते.

डब्यांचा व्यवसाय घेऊ. समजा पोळ्या, भाजी, वरण, भात असा डबा ८० रुपयांना जातो. किराणा-भाजी ३८, गॅस ६, पोचवण्याचे १०. उरले २६. दिवसाला वीस डबे म्हणजे ५२० रुपये सुटतात, आणि बाई म्हणते धंदा बरा चालला आहे. आता वेळ मोजा. मंडई, निवडणं-चिरणं, कणीक, पोळ्या, भरणं, भांडी: सात तास. तेच काम करायला एखादीला ठेवली आणि तासाला ९० रुपये दिले तर ६३० होतात. म्हणजे धंदा रोज ११० रुपये तोट्यात आहे आणि तो तोटा ही बाई आपल्या अंगमेहनतीतून भरते आहे. मिक्सरची झीज, वाया गेलेली भाजी अजून धरलेलीच नाही. डबा ८६ ला विकला तर कुठे मजुरी सुटेल. ९५ ला विकला तर त्याला धंदा म्हणता येईल.

तेव्हा स्वतःची मजुरी हा खर्चाचा पहिला रकाना करा, शेवटचा नाही. नफा तिच्यानंतर. लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन केली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिथे पापड लाटण्याची मजुरी वजनावर मोजून वेगळी देतात आणि नफ्याची वाटणी त्याहून वेगळी करतात, हे आपण उचललं नाही.

दर वाढवायचा तर आधी नव्या गिऱ्हाइकांना नवा दर सांगा, जुन्यांना पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. कारणांची यादी देऊ नका. शिवणकाम करत असाल तर दरफलक भिंतीवर लावा: साधा ब्लाउज इतके, अस्तराचा इतके, पायपिंग, लटकन, फॉल-पिको यांचे वेगळे. तोंडी दर नात्याप्रमाणे घसरतो. मावशीच्या जावेला नाही म्हणणं जड जातं. फलकाकडे बोट दाखवणं सोपं. ज्यांना फुकट द्यायचं त्यांना खुशाल द्या, पण वहीत त्याची किंमत लिहून मग भेट म्हणून वजा करा.

नवऱ्याच्या दुकानात बसत असाल, किंवा खानावळ, पोल्ट्री, नर्सरी दोघांची असून नाव एकाचं असेल, तर भागीदारीचा लेखी करार किंवा पगाराची नोंद करून घ्या आणि पैसे स्वतःच्या खात्यात येऊ द्या. पती-पत्नीच्या उत्पन्नाबाबत आयकराचे काही नियम आड येतात, तेव्हा सीएला विचारून करा. ‘घरातच तर आहे’ ही सबब ऐकू नका. घरात सगळं ठीक असताना हा कागद करणं सोपं असतं.

शेतात, घरकामावर

गावोगावी गड्याचा रोज वेगळा, बाईचा वेगळा. निंदणी-खुरपणी म्हणे हलकी. दिवसभर उन्हात वाकून खुरपं चालवणाऱ्या बाईला कुणी विचारलेलं नाही. किमान वेतनाच्या दरात स्त्री-पुरुष असा फरक नसतो, आणि सरकारी कामावर तो कधीच मोडला आहे: बहात्तरच्या दुष्काळात महाराष्ट्राने सुरू केलेल्या रोजगार हमीत खोदलेल्या मातीचं माप घेऊन पैसे मिळाले. मापाला लिंग नसतं. म्हणून शक्य तिथे रोजावर न जाता दहा-पंधरा जणींनी मिळून उक्तं घ्या: एकराचा निंदणीचा दर, क्विंटलचा काढणीचा दर. कापूस वेचणी किलोवर चालतेच. मात्र वजनकाटा डोळ्यांसमोर हवा आणि वही आपल्यातल्या एकीकडे हवी.

घरकामात बळ संघटनेचं. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला आणि त्यातून संघटना उभी राहिली. माणसं किती, कामं कोणती, सुट्या किती, दिवाळीला काय, असं ठरवून मागायची सवय तिथून आली. त्याच पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत सुरू झाली. कचरा वेचणाऱ्या बायका भुरट्या समजल्या जायच्या. पंचायतीने त्या किती कचरा वेगळा करतात आणि त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा केवढा खर्च वाचतो याचा हिशेब मांडला. पुढे ओळखपत्रं आली, आणि दारोदार कचरा उचलण्याचं रीतसर काम ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेला मिळालं. दयेची याचना करून हे झालं नसतं. तुमच्या घरी कामाला ताई येत असतील तर हा परिच्छेद त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. त्यांची पगारी सुट्टी कोणत्या वारी, ते आजच ठरवा.

आणि ज्या कुठेच पगारावर नाहीत? २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं आढळलं, पुरुषांची ८८. या कामाला किंमत आहे हे अपघाताच्या भरपाईत न्यायालयं मान्य करतात. २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीचं मानीव उत्पन्न धरण्यामागचं तत्त्व सविस्तर सांगितलं. बाई गेल्यावर तिच्या कामाचा भाव निघतो, हे विचित्र आहे खरं. जिवंतपणी निदान तिच्या नावाचं बचत खातं, विमा आणि घराच्या कागदावर नाव एवढं तरी करा.

नकार आला तर

बोलून, लिहून उपयोग झाला नाही तर तक्रारीचा रस्ता आहे. जिल्ह्यातल्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात कुणाकडे दावा दाखल करायचा ते विचारा. दावा तुम्ही स्वतः करू शकता किंवा तुमची नोंदणीकृत संघटना करू शकते. मालकाने समानता आणण्यासाठी दुसऱ्याचा पगार खाली आणायचा नाही, असं कायदाच सांगतो. तेव्हा ‘तुझ्यामुळे त्याचं नुकसान’ ही भीती कुणी घातली तर ती पोकळ आहे. दावा सिद्ध झाल्यास देणं असलेल्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश देता येतो. नोकरीत असताना एकटीने हे करणं सोपं नाही, आणि ‘घाबरू नका’ एवढं म्हणून कुणाचं घर चालत नाही. म्हणून आधी दोघी-तिघी मिळून पाहा, संघटना किंवा वकील गाठा, मग पाऊल टाका.

पगारपावती देणं मालकावर बंधनकारक आहे. दावा करायला मुदत तीन वर्षांची आहे. निदान तेवढ्या काळाच्या पावत्या, नेमणूकपत्र, वाढीची पत्रं आणि त्या दोन-दोन ओळींच्या ईमेल एका फाइलमध्ये घाला, आणि ती फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नको, घरी ठेवा.